गोचीड ताप : आधी काचपट्टी, मग सुई

जनावरास ताप आला की तो उतरविण्यासाठी सुई टोचून घ्यावयाची, ही रीत आपल्या खेड्यापाड्यांतून इतकी रुळली आहे की, तीत काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. गाईने पेंड टाकली, धारेला दूध कमी आले, अंगास हात लावला तो कढत लागला, की मालक फोन करतो. जो कोणी लवकर पोहोचेल तो येतो, दोन सुया टोचतो, सायंकाळपर्यंत अंग निवते आणि घरात समाधान पसरते. तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढतो. पुन्हा सुया होतात. आठव्या-दहाव्या दिवशी गाय बसते ती उठत नाही, आणि मग नशिबाला बोल लावला जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की, यांपैकी पुष्कळशी मरणे नशिबाने ओढवत नाहीत, उशिराने ओढवतात. औषध बाजारात असते, पशुवैद्यकही तालुक्यात असतात. परंतु हा ताप कशाचा, एवढा एक प्रश्न पहिल्या दिवशी कोणीच विचारलेला नसतो.

प्रस्तुत लेखक कृषी पदवीधर आहे, पशुवैद्यक नव्हे. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकांस दिलेला आहे, आणि तो त्यांच्याकडेच असावा हे योग्य आहे. परंतु शेतकरी बांधावर भेटला म्हणजे पिकाची विचारपूस संपताच तो गोठ्यातील गाईविषयी बोलू लागतो, हा आम्हां विस्तार कार्यकर्त्यांचा नित्याचा अनुभव आहे. त्या वेळी औषध सुचविणे हे आपले काम नव्हे. पण योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला जाईल, हे पाहणे मात्र निश्चितच आपले काम आहे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

विषय लहान नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंशीय जनावरांची नोंद झाली. त्यांपैकी संकरित गाई बहुधा कर्ज काढून घेतलेल्या असतात आणि दहा-पंधरा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर घरचा किराणा, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता असे सारेच चालत असते. आपल्या खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ या जातींची जनावरे गोचिडींच्या सहवासात पिढ्यान्‌पिढ्या वाढली असल्याने त्यांच्या अंगी या रोगांशी झुंजण्याचे बळ पुष्कळ असते. होल्स्टिन व जर्सी यांच्या रक्ताच्या गाईंस ते बळ नसते. आपण दूध वाढविणारे रक्त गोठ्यात आणले, पण त्या रक्तास कोणता शत्रू आहे याचे शिक्षण त्याच बरोबरीने दिले नाही. ही उणीव भरून काढणे विस्तार कार्याचे कर्तव्य आहे.

एक गोचीड, तीन रोग

लोक ज्यास सरसकट 'गोचीड ताप' म्हणतात, त्यात वस्तुतः तीन निरनिराळे रोग येतात.

पहिला थायलेरिओसिस. आपल्याकडे संकरित गाईंचा सर्वांत अधिक घात करणारा हाच. याचा परजीवी हायलोमा जातीच्या गोचिडीच्या लाळेतून जनावराच्या शरीरात उतरतो व प्रथम रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरतो. तेथे तो त्या पेशींस भराभर वाढावयास लावतो. त्यामुळे चाव्याजवळच्या लसिकाग्रंथी, म्हणजे खांद्यापुढील किंवा मांडीपुढील गाठी, आधी सुजतात. त्यानंतरच तो तांबड्या पेशींत उतरतो आणि रक्तक्षय सुरू होतो. ही पायरी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे.

दुसरा बॅबेसिओसिस, म्हणजेच तांबड्या लघवीचा रोग. याचा परजीवी थेट तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्य मूत्रावाटे बाहेर पडते व लघवी कॉफीच्या रंगाची दिसू लागते.

तिसरा अ‍ॅनाप्लाझ्मोसिस. याचे कारण परजीवी प्राणी नसून एक जिवाणू आहे. तोही तांबड्या पेशींतच राहतो. याने रक्तक्षय व कावीळ होते, शेण बहुधा कठीण पडते, परंतु लघवी तांबडी होत नाही.

तिन्ही रोगांत ताप येतो, तिन्हींत दूध आटते, तिन्हींत डोळ्यांची आतील बाजू फिकी पडते. आणि तिन्हींचे औषध वेगवेगळे आहे. एका रोगाचे औषध दुसऱ्यास दिले तर पैसा तर जातोच, पण त्याहून मोलाचे असे दोन-तीन दिवस हातचे जातात.

हे ज्ञान काही कालपरवाचे नाही. व्हिक्टर बाबेश यांनी रुमानियात गुरांच्या तांबड्या पेशींतील परजीवी १८८८ साली दाखविला. स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली अमेरिकेत सिद्ध केले की, हा रोग गोचिडीमुळे एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. कीटकवर्गीय प्राण्यांमार्फत रोग पसरतो याचा तो पहिल्या ठोस पुराव्यांपैकी एक होय. भारतातील पशुरोग संशोधनाची पहिली प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली व १८९३ साली ती मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी ठेवून या रोगांचा निवाडा करण्याची विद्या शंभर वर्षांहून जुनी असताना, आपल्या गावात तापाचे निदान अद्याप हाताच्या पंज्याने व्हावे, हे खेदाचे आहे.

मालकाने काय पाहावे

निदानाचा पहिला भाग गोठ्यातच होतो, आणि तो मालकाने किंवा घरच्या बाईने करावयाचा असतो. गाईची नाडी तिला रोज पिळणाऱ्या माणसाइतकी दुसऱ्या कोणासही ठाऊक नसते. चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

एक, ताप मोजावा. गाईचे स्वाभाविक तापमान सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. गोचीड तापात ते १०४ पासून १०६ किंवा त्याहूनही वर जाते. थर्मामीटर ही आता प्रत्येक दुभत्या गोठ्यात असावी अशी वस्तू आहे. तो गुदद्वारात तिरका, आतील भिंतीस टेकेल असा धरावा. मोजलेले अंश तारीख-वेळ घालून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत. पशुवैद्यकास तेवढीच नोंद पुष्कळ काही सांगून जाते.

दोन, गाठी चाचपाव्यात. खांद्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी आणि मांडीच्या पुढे, जांघेवर, दोन्ही बाजूंनी हात फिरवावा. एका बाजूची गाठ दुसरीपेक्षा मोठी, कढत व दुखरी लागली, आणि अंगात ताप असेल, तर थायलेरिओसिसचा संशय प्रथम घ्यावा. बॅबेसिओसिसमध्ये गाठी अशा सुजत नाहीत.

तीन, डोळ्याची खालची पापणी अलगद ओढून आतील रंग पाहावा. निरोगी गाईत तो गुलाबी असतो. तो फिका पडला असेल तर रक्त कमी होत आहे, पिवळा असेल तर कावीळ आहे, आणि लाल ठिपके दिसत असतील तर रोग पुष्कळ पुढे गेला आहे असे समजावे. डोळ्यांतून पाणी येणे, खोकला व धाप ही लक्षणेही थायलेरिओसिसमध्ये आढळतात. म्हणून अनेकदा त्यास 'सर्दी' समजून काढा पाजीत बसतात.

चार, लघवीचा रंग पाहावा. ताप व तांबडी लघवी एकत्र आली तर बॅबेसिओसिसचा दाट संशय घ्यावा. मात्र नुकत्याच व्यायलेल्या म्हशीस ताप नसताना लघवी तांबडी होत असेल, तर तो बहुधा स्फुरदाच्या कमतरतेचा विकार असतो. त्याचा गोचिडीशी संबंध नाही आणि उपचारही अगदी निराळा आहे.

आणखी एक फसवा ताप म्हणजे तिवा. तिव्यातही ताप एकदम चढतो, जनावर लंगडते, अंग आखडते. पण बहुतेक जनावरे तीन-चार दिवसांत आपोआप सावरतात. या अनुभवामुळेच 'तिवा असेल, तीन दिवस थांबू' असे म्हणण्याची सवय पडली आहे. लंगडणे नाही, गाठ सुजलेली आहे, अंगावर गोचिडी आहेत, अशा गाईस तिवा म्हणून तीन दिवस ठेवणे म्हणजे थायलेरियाच्या परजीवीस पांढऱ्या पेशींतून तांबड्या पेशींत उतरावयास मोकळी वाट देणे होय.

काचपट्टी काय सांगते आणि काय सांगत नाही

निदानाचा दुसरा भाग काचपट्टीचा. कानाच्या कडेची लहान शीर स्वच्छ पुसून, सुईच्या टोकाने टोचून निघालेला रक्ताचा बारीकसा थेंब काचपट्टीच्या एका टोकावर घ्यावयाचा आणि दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पातळ पसरावयाचा. पट्टी हवेत वाळवावी. वाळेपर्यंत तिच्यावर माशी बसू देऊ नये, कारण माश्या रक्ताचा थर चाटून नेतात. गाईच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक व तारीख पट्टीच्या टोकावर पेन्सिलीने लिहावी. अशा दोन पट्ट्या कराव्यात. हे काम पशुवैद्यक किंवा त्यांच्या देखरेखीखालील प्रशिक्षित कर्मचारी पाच मिनिटांत करतात, आणि त्याचा खर्च एका सुईच्या खर्चाच्या मानाने नगण्य असतो. मिथाइल अल्कोहोलमध्ये बुडवून गिम्सा रंगाने रंगविलेली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की, तांबड्या पेशींतील नासपतीच्या आकाराची परजीवींची जोडी बॅबेसिया, आणि अंगठीसारखे बारीक आकार थायलेरिया, असा निवाडा करता येतो.

एक गोष्ट मात्र समजून घ्यावी. रोगाच्या पहिल्या दिवसांत थायलेरिया पांढऱ्या पेशींत दडलेला असतो. कानातील रक्तात तो दिसेलच असे नाही. म्हणून गाठ सुजलेली असेल तेव्हा पशुवैद्यक त्या गाठीतील द्रव सुईने काढून त्याचीही पट्टी करतात. तीत पेशींच्या आत निळसर पुंजके दिसतात. रॉबर्ट कॉख यांच्या नावावरून त्यांस कॉखचे निळे पिंड म्हणतात. ते दिसले की शंकेस जागा उरत नाही. तात्पर्य, कानाच्या रक्ताची पट्टी 'स्वच्छ' आली एवढ्यावरून रोग नाही असे मानून स्वस्थ बसू नये.

याच्या उलट बाजूही आहे. एकदा रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तात थोडे परजीवी दीर्घ काळ राहतात. ते जनावर धडधाकट असते, दूधही देते. अशा गाईस उद्या घटसर्पाचा किंवा अन्य कशाचा ताप आला आणि पट्टीत चार-दोन थायलेरिया दिसले, तर दोष थायलेरियावर घालून भागणार नाही. पट्टी वाचणारा माणूस परजीवी आहेत की नाहीत एवढेच सांगत नाही, ते किती आहेत हेही सांगतो; आणि गाय समोर ठेवूनच त्या उत्तराचा अर्थ लावावा लागतो. म्हणून गाठ, ताप, डोळा, लघवी ही चार निरीक्षणे व काचपट्टी ही एकमेकांची साक्षीदार आहेत. एकट्या साक्षीदारावर निवाडा करू नये. जेथे शंका उरते तेथे रक्ताचा नमुना जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, किंवा तेथून पुणे येथे औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठविता येतो.

दोन आक्षेप

काचपट्टीचा आग्रह धरला की शेतकरी दोन आक्षेप घेतात, आणि दोन्हींचे उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला असा की, 'अहवाल येईपर्यंत गाय राहते की जाते!' आक्षेप रास्त आहे. परंतु काचपट्टी आणि उपचार यांत वैर नाही. पट्टी घेतल्यावर त्याच घटकेस, लक्षणांवरून दाट संशय असलेल्या रोगाचा उपचार पशुवैद्यक सुरू करू शकतात, व बहुधा करतातही. आग्रह क्रमाचा आहे. सुई आधी दिली की रक्तातील परजीवी कमी होऊ लागतात आणि मागाहून घेतलेली पट्टी खरे सांगत नाही. पट्टी आधी घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या अहवालावरून उपचार तसाच चालवावा की बदलावा, हे ठरविता येते. पहिल्या उपचाराने गुण न आल्यास पुढे काय करावे, याचे उत्तर त्या पट्टीवाचून कोणाकडेच नसते.

दुसरा आक्षेप खर्चाचा व अंतराचा. 'दवाखाना लांब, डॉक्टर एक, गावे वीस.' यातही तथ्य आहे. पण तापाच्या आठ दिवसांत तीन वेळा टोचलेल्या सुयांचा खर्च, आटलेल्या दुधाचे पैसे आणि अखेरीस गाईची किंमत एका कागदावर मांडून पाहिली, तर स्वस्त काय व महाग काय हे निराळे सांगावे लागत नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा.

एक तिसरी गोष्ट लोक आक्षेप म्हणून बोलत नाहीत, पण मनात धरून असतात. ताप उतरला म्हणजे रोग गेला, ही ती समजूत होय. तापनाशक औषधाने अंग निवते. परजीवीस त्याचे काही वाटत नाही. गाय चार घास खाते, मालक निर्धास्त होतो आणि रोग आत आपले काम करीत राहतो. गावात येणाऱ्या कोणाही टोचणाऱ्यास 'औषधाचे नाव काय, आणि ते कोणत्या रोगावर आहे?' असे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. जो या प्रश्नाने रागावतो, त्याच्या हाती गाय देऊ नये.

औषध : नाव, वजन व वेळ

पुढील माहिती घरी उपचार करण्यासाठी नसून, झालेला उपचार समजून घेण्यासाठी आहे.

थायलेरिओसिसवर ब्युपारव्हाक्वोन हे औषध प्रभावी आहे. त्याची मात्रा शरीराच्या दर २० किलो वजनास १ मिलि याप्रमाणे मानेच्या स्नायूत देतात. एका जागी १० मिलिहून अधिक टोचीत नाहीत. बॅबेसिओसिसवर डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब वापरतात. अ‍ॅनाप्लाझ्मोसिसवर ऑक्सिटेट्रासायक्लिन चालते. केवळ ऑक्सिटेट्रासायक्लिन देऊन पुढे गेलेला थायलेरिओसिस बरा होईल, अशी आशा करणे व्यर्थ आहे.

ब्युपारव्हाक्वोन महाग असल्याने 'अर्धी बाटली आज, बघू उद्या' असा व्यवहार अनेक ठिकाणी चालतो. हा व्यवहार घातक आहे. अपुऱ्या मात्रेने परजीवी मरत नाहीत, आणि उरलेल्यांना औषध पचविण्याची सवय लागण्याचा धोका असतो. इराण व ट्युनिशिया या देशांत ब्युपारव्हाक्वोनला न जुमानणारे थायलेरिया आढळल्याच्या नोंदी आहेत. हे एकच खात्रीचे शस्त्र बोथट झाले तर दुसरे कोठून आणणार?

मात्रा वजनावर असते, आणि वजन डोळ्यांनी अंदाजल्यास हटकून कमी धरले जाते. त्यासाठी शिंप्याची टेप पुरे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व ६६० ने भागावे; अंदाजे वजन किलोत मिळते. घेर ७० इंच व लांबी ६० इंच असलेल्या गाईचे वजन या हिशेबाने सुमारे ४४५ किलो भरते, म्हणजे तिला ब्युपारव्हाक्वोनची मात्रा सुमारे २२ मिलि लागेल. हे गणित शाळेतील मुलगाही करील. टेप घेऊन गाय मोजून ठेवली असेल तर पशुवैद्यकाचे काम सोपे होते आणि अर्ध्या बाटलीचा मोहही टळतो.

औषध दिल्यानंतरचे दूध किती दिवस विकू नये, हे पशुवैद्यकास विचारून पाळावे. ब्युपारव्हाक्वोनसाठी हा काळ सामान्यतः दोन दिवसांचा धरतात.

सर्वांत मोठी गोष्ट वेळेची. ब्युपारव्हाक्वोन परजीवी मारते, गेलेले रक्त परत आणीत नाही. गाठ सुजलेली, ताप चढलेला, पण पापणी अद्याप गुलाबी, अशा अवस्थेत औषध मिळाले तर गाय बहुधा वाचते. पापणी कागदासारखी पांढरी झाल्यावर तेच औषध त्याच मात्रेत दिले, तरी लोह व जीवनसत्त्वे द्यावी लागतात, प्रसंगी दुसऱ्या जनावराचे रक्त चढवावे लागते, आणि तरीही यशाची शाश्वती राहत नाही. अशा गाईस दवाखान्यापर्यंत चालवीत नेऊ नये. सावलीत बांधून पाणी व हिरवा चारा तोंडाशी द्यावा आणि डॉक्टरांस गोठ्यावर बोलवावे.

गोठा हाही रोगीच

गाय बरी झाली तरी काम संपत नाही. हायलोमा गोचीड आपल्या आयुष्याचा मोठा भाग गाईच्या अंगावर काढीतच नाही. रक्त पिऊन फुगली की ती गळून पडते, भिंतीच्या भेगांत, दगडांच्या फटींत, गव्हाणीखाली शिरते, तेथे कात टाकते वा हजारो अंडी घालते. बालवयात रोगी जनावराचे रक्त प्यालेली गोचीड मोठी झाल्यावर निरोगी जनावरास चावते व रोग देते. म्हणजे रोग भिंतीत वाट पाहत असतो. केवळ गाईच्या अंगावर औषध फवारून भिंत तशीच ठेवणे म्हणजे वावरातील तण कापून मुळे राखण्यासारखे आहे.

भेगा सिमेंटने वा चुन्याने बुजवाव्यात, भिंतींस चुना द्यावा, गोठ्यालगतचा उकिरडा व दगडांचे ढीग हलवावेत. दगडी भिंतीच्या फटींवर फ्लेमगनची ज्योत फिरविण्याची पद्धतही चांगली आहे. मात्र जनावरे, कडबा व छप्पर यांची काळजी घेऊनच. गावरान कोंबड्या गोठ्यात मोकळ्या सोडल्यास त्या पडलेल्या गोचिडी वेचून खातात. अंगावर व भिंतीवर फवारावयाचे गोचीडनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वेष्टनावरील प्रमाणातच घ्यावे आणि सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा फवारावे. पहिल्या वेळी जी अंडी वाचली त्यांतून निघालेली पिल्ले दुसऱ्या वेळी सापडतात. तेच ते औषध वर्षानुवर्षे वापरल्यास गोचिडी त्यास सरावतात.

येथे कृषी खात्याचा माणूस म्हणून मला एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. कपाशीवर किंवा भाजीपाल्यावर फवारून उरलेले कीटकनाशक गाईच्या अंगास चोळण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. पिकाचे औषध पिकासाठी असते. ते कातडीतून अंगात भिनते, गाय ते चाटते, आणि गोचिडींआधी गायच दगावू शकते. हा प्रकार जेथे दिसेल तेथे तत्काळ थांबवावा.

गोचीड चिकटल्यापासून तिच्या लाळेतील थायलेरिया संसर्गक्षम होण्यास साधारणतः दोन-तीन दिवस लागतात. म्हणून धारेच्या वेळी एक दिवसाआड कानाच्या आत, पोळीखाली, कासेजवळ व शेपटीच्या मुळाशी पाहून गोचिडी काढून टाकण्यात मोठा लाभ आहे. त्या बोटांनी चिरडू नयेत. हातमोजे घालून चिमट्याने काढाव्यात व रॉकेलात टाकाव्यात. थायलेरिया माणसास बाधत नाही. परंतु हायलोमा गोचिडीतून माणसास होणारा क्रिमियन-कांगो ताप २०११ साली शेजारच्या गुजरातेत आढळला होता, हे विसरू नये.

बाजारातून नवी गाय आणली की तिला तीन आठवडे वेगळी बांधावी, गोचिडी काढाव्यात व रोज ताप मोजावा. लहान वासरांकडेही विशेष लक्ष द्यावे. संकरित वासरे या रोगाने झपाट्याने दगावतात. थायलेरियाविरुद्ध लसही आपल्या देशात तयार झालेली आहे. ती द्रवरूप नायट्रोजनच्या अतिशीत भांड्यात जपावी लागते व गाभण गाईस देत नाहीत. तिच्याविषयी पशुवैद्यकास अवश्य विचारावे. मात्र ती फक्त थायलेरियावर आहे, बॅबेसियावर नाही, आणि लस टोचली म्हणून भेगा तशाच ठेवण्याची मुभा मिळत नाही.

गावाने काय करावे

वर सांगितलेले सारे एकेका शेतकऱ्याने करावे अशी अपेक्षा धरून भागणार नाही. माझी सूचना दूध संस्थांस आहे. प्रत्येक दूध संकलन केंद्रात एक थर्मामीटर, एक टेप, स्वच्छ काचपट्ट्यांची एक पेटी व मिथाइल अल्कोहोलची लहान बाटली ठेवावी. पशुवैद्यकाने किंवा त्यांच्या प्रशिक्षित साहाय्यकाने घेतलेल्या पट्ट्या, सकाळी दुधाची गाडी तालुक्यास जाते, तिच्यातूनच दवाखान्यात पोहोचवाव्यात, व अहवाल केंद्राच्या फळ्यावर किंवा फोनवर कळवावा. ज्या वाटेने रोज दूध जाते त्या वाटेने आठवड्यातून चार काचपट्ट्या जाण्यास कोणतीच अडचण नाही. त्यांस हवी फक्त संस्थेच्या सचिवाची थोडी आस्था आणि दवाखान्यात सूक्ष्मदर्शकापाशी रोज अर्धा तास बसणारा माणूस. ज्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नाही, किंवा असून कपाटात आहे, तेथे तो मेजावर यावा अशी मागणी ग्रामसभेने ठरावाद्वारे करावी. रस्ता व पाणी यांसाठी ठराव होतात. ज्या जनावरांवर गावाचे उत्पन्न उभे आहे, त्यांच्या निदानासाठीही तो व्हावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळा संपण्यापूर्वी वस्तीवस्तीवर एक तासाची बैठक घ्यावी. भाषण करू नये. एक गाय समोर उभी करून गाठ कोठे चाचपावयाची, पापणी कशी पाहावयाची, थर्मामीटर कसा धरावयाचा व टेपने वजन कसे काढावयाचे, एवढे प्रत्यक्ष दाखवावे आणि उपस्थितांकडून करून घ्यावे. बैठकीस घरातील स्त्रिया आवर्जून बोलवाव्यात. गोठ्याचे बहुतेक काम त्यांच्याच हातून होते, आणि गाईने घास टाकला हे प्रथम त्यांनाच कळते. पावसाळ्याच्या तोंडी गोचिडी वाढू लागतात, तेव्हा हे ज्ञान हाताशी असले पाहिजे.

गाईस ताप आला असता घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि स्वस्थ बसण्यासही सवड नाही. पहिल्याच दिवशी ताप मोजावा, गाठ चाचपावी, पापणी व लघवी पाहावी, पशुवैद्यकास बोलवावे आणि सुईपूर्वी रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेण्याची विनंती करावी. एवढे जरी प्रत्येक गोठ्यात घडू लागले, तरी कर्जावर घेतलेली पुष्कळ जनावरे कर्ज फिटेपर्यंत, आणि त्यानंतरही, दावणीला उभी राहतील.